मी मागे हलले नव्हते, नाना

नाना, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि माझा राग आहे तिथंच आहे. माणूस गेलं की राग निवतो म्हणतात. कुणाचा निवत असेल. माझा नाही निवला. तुम्ही होतात तोवर मी तो गिळत होते, कारण एका घरात राहायचं, एका पातेल्यातला चहा प्यायचा, सकाळी उठून एकमेकांचंच तोंड बघायचं. आता गिळायचा तरी कुणासाठी? तुम्ही तर भिंतीवर जाऊन बसलात. पांढरा शर्ट, नीट भांग आणि चेहऱ्यावर 'मला सगळं माहीत हाय' असं ते नेहमीचं हसू. त्या फोटोसमोर मी रोज मेणबत्ती लावते आणि रोज मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. आज कागदावर भांडतेय, म्हणजे तुम्हाला मधेच उठून पार्किंगमध्ये जाता येणार नाही.

आधी ते वाक्य. जानेवारीतली सकाळ. माझी सातची पाळी आणि तुम्ही मला नेहमीसारखे कंपनीत सोडायला निघालेले. थंडीनं बोटं आखडली होती. पाथर्डी फाट्याच्या अलीकडच्या उतारावर पुढची रिक्षा एकदम थांबली. तुम्ही ब्रेकवर पाय दिलात. पाय पार खाली गेला आणि गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. मागं बसलेल्या माणसाला हे कळतं, नाना. तुम्ही हँडल डावीकडे मारलंत, रिक्षा वाचली आणि आपण दोघं रस्त्याकडेच्या खडीत गेलो. तुमचा गुडघा खरचटला. माझं डावं मनगट मोडलं. लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, "काय झालं बाबा?" तुम्ही अजून उभेसुद्धा राहिला नव्हतात. खडीत बसल्या बसल्या म्हणालात, "काय नाय हो. मागं हलली ती. तोल गेला."

मी शेजारी हात पोटाशी धरून पडले होते आणि मी ते ऐकलं. मला वाटलं, घाबरून तोंडाला आलं ते बोलले असतील, घरी गेल्यावर सांगतील नीट. घरी गेल्यावर तुम्ही राहुलला तेच सांगितलंत. तुमचा मुलगा, माझा नवरा, त्यानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. फोनवर मनमाडला तुमच्या लेकीला, वंदनाताईंना तेच. खालच्या मजल्यावर तेच, भाजीच्या गाडीवर तेच. महिन्याभरात अख्ख्या इंदिरानगरला ठाऊक झालं की नानांच्या सुनेला गाडीवर मागं बसता येत नाही. ताई तर आल्या की म्हणायच्या, "बाई, तू आपली बसनं जात जा. आमच्या बापाला परत पाडशील." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. नाचता येईना अंगण वाकडं, हे शाळेत शिकले होते. ते अंगण आपणच असू शकतो, हे तुमच्यामुळं कळलं.

मला मागं बसता येत नाही! सहा वर्षं मी त्या सीटवर बसत होते, नाना. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. सून कंपनीत जाणार, तीही पाळीनं, म्हणजे काय? तुम्ही एकटे बोलला होतात. "तिला सोडायला मी जातो. तुमाला काय तरास होतोय?" संपला विषय. आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच तुम्ही तयार. मनमाडला रेल्वेत जन्मभर फिटर होतात, पाळीचं दुखणं तुम्हाला सांगावं लागत नव्हतं. माझ्या आधी उठायचात, गाडी पुसायचात, थंडीत वर्तमानपत्राची घडी माझ्या हातात द्यायचात. "छातीला लाव आतून. वारं लागत नाय." गेटच्या आत जाईपर्यंत थांबायचात. सख्ख्या बापानं माझ्यासाठी एवढं केलं नसतं, कारण त्याला पहाटे उठायचा कंटाळा होता. म्हणूनच मला तुमचा एवढा राग येतो. परका माणूस खोटं बोलला असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आणि तुमची ती गाडी. राहुलपेक्षा तिची जास्त काळजी. दर रविवारी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून बसायचात आणि मी चहा घेऊन खाली आले की म्हणायचात, "बस जरा. तेरा नंबरचा पान्हा दे." असं करत करत चाक कसं काढायचं, साखळी कशी ताणायची, ब्रेक कसा उघडायचा, सगळं मला शिकवलंत. गाडी चालवायलाही तुम्हीच शिकवलीत, मैदानात, बघ्यांची पर्वा न करता. मला लायसन्स मिळालं तेव्हा पेढे तुम्ही वाटलेत. चावी मात्र कधी दिली नाहीत. "तुझा हात अजून बसला नाय." सहा वर्षांत माझा हात बसला नाही!

मी कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर व्हर्नियर घेऊन बसते, केसाइतका फरक निघाला तरी माल बाजूला काढते. तुम्ही मला त्यावरून 'रिजेक्टबाई' म्हणायचात. भाजीत मीठ कमी झालं की, "रिजेक्टबाई, आज आपला माल रिजेक्ट." मला ते आवडायचं. आपला वाद ठरलेला होता. तुमचं म्हणणं, माप बोटात असतं. अंगठा फिरवला की पार्ट किती झिजला ते कळतं, जन्म गेला त्यात. माझं म्हणणं, अंगठा खोटं बोलत नसेल, पण अंगठ्याचा मालक बोलू शकतो. तुम्ही खो खो हसायचात. आता हे वाक्य आठवलं की माझ्याच अंगावर काटा येतो.

एकदा, पडण्याच्या महिनाभर आधी, तुम्ही मागचा ब्रेक उघडून बसला होतात. पायडल दाबलं की आतला कॅम फिरतो, दोन अर्धगोल शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, म्हणून चाक थांबतं, एवढं तुम्हीच मला शिकवलेलं. त्या शूवर जे लायनर असतं ते झिजत जातं. तेव्हाच मला ते पातळ दिसलं. मी म्हणाले, "नाना, थांबा, वरून व्हर्नियर आणते, मोजू." तुमचा चेहरा उतरला. "माझ्या ब्रेकला माप लावती व्हय?" बास. मी जागची उठले नाही. सासऱ्याचा अपमान नको. कंपनीत कुणाचा माल आहे ते न बघता मी रिजेक्टचा लाल शिक्का मारते, आणि ज्या ब्रेकवर माझा रोजचा जीव होता तो मोजायची मला लाज वाटली. हा राग तुमच्यावरचा नाही, माझ्यावरचा आहे. तो वेगळा ठेवलाय.

नवे लायनर का नाही घातलेत तेव्हाच? पैशाचा प्रश्न नव्हता, तुमची पेन्शन तुम्हाला पुरून उरायची. पण दुकानातला नवा माल म्हणजे कचरा, हा तुमचा सिद्धांत. "जुन्या मालात जीव हाय अजून." पुढचा ब्रेक तर तुम्ही आयुष्यात दाबला नसेल. पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो, हा दुसरा सिद्धांत. म्हणजे सगळा भार त्या मागच्या दोन झिजलेल्या शूंवर आणि तुमच्या अंगठ्यावर.

हात प्लास्टरमध्ये असताना तुम्ही काय काय केलंत, तेही सांगते, नाहीतर म्हणाल सून नुसते दोषच मोजते. माझा डबा धुवून ठेवायचात. भाकरी थापता येत नव्हती तरी थापायचात, नकाशासारखी, आणि दुधात कुस्करून माझ्यापुढं ठेवायचात. हॉस्पिटलच्या रांगेत तीन तीन तास बसलात. गोळ्यांच्या वेळा माझ्यापेक्षा तुम्हाला पाठ. एवढं सगळं केलंत. एक वाक्य तेवढं नाही केलंत. भाकरी कुस्करताना, रांगेत बसल्या बसल्या, कधीही म्हणता आलं असतं, 'मनीषा, ब्रेक लागला नाय त्या दिवशी.' मी कुणाला सांगितलंही नसतं. मला वाटतं, मी तिथल्या तिथं रडले असते आणि विसरले असते.

प्लास्टर निघालं आणि मी तुमच्या मागं बसणं बंद केलं. सिटीबसनं जायला लागले. तुम्ही रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचात, "सोडू का?" मी म्हणायचे, "नको." रोज. सहा महिने. तुमचं 'सोडू का' चुकलं नाही आणि माझं 'नको' चुकलं नाही. ज्या दिवशी गेलात त्या दिवशीही. तुम्ही विचारलंत, मी चप्पल घालता घालता, मागं न बघता म्हणाले, "नको." दुपारी राहुलचा फोन आला. चहाचा कप हातात धरून खुर्चीतच बसल्या बसल्या गेलात म्हणे. आपल्या दोघांतला शेवटचा शब्द तो आहे, नाना. 'नको.' त्याचंही खापर मी तुमच्यावरच फोडते, कारण तो शब्द मी उगाच म्हणत नव्हते.

तिसऱ्या दिवशी घरात बसायला आलेल्या बायकांमध्ये पुन्हा तो विषय निघाला. कुणीतरी हळहळत म्हणालं, "तब्येत ठणठणीत होती हो. मधी एकदा सुनेपायी गाडीवरून पडले होते तेवढंच." सुनेपायी! मी चहाचा ट्रे तिथंच ठेवला, तुमच्या खोलीतून हत्यारांची पेटी घेतली आणि खाली गेले. पांढरी साडी नेसलेली, डोळे सुजलेले, आणि पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून तुमच्या गाडीचं मागचं चाक काढायला बसले. वॉचमन बघतच राहिला. मला वाटलं, आत ते झिजलेले लायनर असतील. ते काढीन, वर नेईन आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवीन, सगळ्यांच्या मधोमध.

चाक निघालं. ड्रम उघडला. आणि आत सगळं नवं होतं.

लायनर जाडजूड, दुकानातले. स्प्रिंगा नव्या. कॅमला ताजं ग्रीस. ड्रम आतून लेथवर टर्न केलेला, म्हणजे कातून गुळगुळीत केलेला, चकचकीत. मी कंपनीत असते तर पहिल्या नजरेत पास केला असता. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की मीच हलले असेन. आठ महिने सगळे तेच सांगत होते. कदाचित पिशवी सावरत असेन, कदाचित स्कार्फ. माणसाला शंभर वेळा सांगितलं की तू पाडलंस, तर एकशेएकाव्या वेळी तो स्वतःच मान हलवतो. तुमचा ब्रेक पहिल्यापासून इतका चांगला होता आणि मी उगाच एका भल्या माणसावर आठ महिने डूख धरून बसले, असं वाटून मला हुंदका आला.

मग पान्हा परत ठेवायला पेटी उघडली. तळाच्या कप्प्यात तुमच्या जुन्या पंच्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तुम्ही आयुष्यात काही टाकलं नाहीत, वाकलेला खिळासुद्धा. फडकं सोडलं तर आत जुने दोन शू. त्यांच्यावर लायनर जवळजवळ नव्हतंच, एका कडेला तर धातू उघडा पडला होता. आणि दोघांच्या टोकाला, जिथं कॅम टेकतो तिथं, पत्र्याचे दोन तुकडे वाकवून बसवलेले. लायनर झिजलं की शू ड्रमपर्यंत पोचत नाही, म्हणून मधे पत्रा घालायचा आणि तेवढा फरक भरून काढायचा. ही चोरवाट तुम्हीच मला सांगितली होतीत आणि वर म्हणाला होतात, "असं करणाऱ्याला जोड्यानं मारलं पायजे."

त्या पत्र्यावर लाल-सोनेरी नक्षी होती, नाना. मी ती ओळखली. दिवाळीला कंपनीनं मला सुक्यामेव्याचा डबा दिला होता, त्याचं झाकण. ते सापडेना म्हणून मी दोन दिवस घर उलथंपालथं केलं होतं आणि तुम्ही माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होतात! "गेलं कुठं म्हणती मी," असं वर माझीच नक्कल करत होतात. मी तिथं गोणपाटावर बसून हसले. वॉचमनला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. मग एवढा राग आला की तो तेरा नंबरचा पान्हा मी भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघालाय. सेक्रेटरींनी विचारलं तर तुमचं नाव सांगणार आहे.

कारण मग सगळं उघडच होतं. ब्रेक चांगला होता, तर तुम्ही तो बदललात कशाला? पडल्यानंतर तुम्ही गुपचूप सगळं नवं घातलंत. तो 'कचरा' नवा माल विकत आणलात, जन्माचा सिद्धांत मोडलात, ड्रम टर्न करून आणलात. आणि रोज सकाळी दारात उभं राहून मला विचारत राहिलात, सोडू का. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. ब्रेक दुरुस्त केलात आणि माझं नाव तसंच मोडकं ठेवलंत. पडले तरी नाक वर, आणि नाकाखाली सून.

मी गाडी जोडली. एक्सल आवळताना डाव्या मनगटात कळ आली. ती आता जन्मभर येणार, डॉक्टर म्हणालेत. शू फडक्यात बांधून वर नेले आणि कपाटात ठेवले. चहाच्या ट्रेमध्ये नाही ठेवले. तेवढा धीर झाला नाही त्या दिवशी.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन. खाली मांडव घातला, शंभरेक खुर्च्या, तुमचा फोटो, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा. बुद्धवंदना झाली आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. एकेक जण माईकपाशी यायचा आणि तुम्हाला आणखी उंच चढवून जायचा. तुमचे पुतणे म्हणाले, "नानांच्या हाताखालून गेलेला ब्रेक कधी फेल गेला नाही." लोकांनी माना डोलावल्या. ताई पदर डोळ्याला लावून रडत होत्या. माझं नाव यादीत नव्हतं. मी उठले आणि माईकपाशी गेले. राहुलनं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं, त्याला कळलं.

मी पाठ करून काहीच गेले नव्हते. म्हणाले, "नानांनी मला सहा वर्षं कंपनीत सोडलं. माझी नोकरी त्यांच्यामुळं टिकली. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." मग थांबले. इथंच बसता आलं असतं, टाळ्या नसतात तिथं, पण लोक हळहळले असते. मी पुढं म्हणाले, "आणि जानेवारीत आम्ही पडलो तेव्हा मी मागे हलले नव्हते. गाडीचा ब्रेक लागला नव्हता. जुने शू माझ्याकडं आहेत. नानांना ते माहीत होतं."

ताई उभ्या राहिल्या. "मनीषा! गेलेल्या माणसाचं काय काढतीस गं? लाज वाटती का?"

"त्यांचं नाही काढत, ताई," मी म्हणाले. "माझं काढतेय."

मग मागच्या रांगेतून पगारे काका उठले. तुमच्याबरोबर मनमाडला टर्नर होते ते. काठी टेकत पुढं आले, माईक हातात घेतला नाही, तसेच बोलले. "पोरगी खरं सांगती. ड्रम मीच टर्न करून दिला, फेब्रुवारीत. माझ्या पुतण्याच्या लेथवर. तवा हा रडला माझ्यापुढं. मी म्हनलो, अरे, माझ्यापुढं काय रडतो, तिला सांग. म्हनला, सांगतो. दर वेळी भेटला का मी इचारायचो, सांगितलं का रे? म्हनायचा, सांगतो, सांगतो."

लोकांना वाटलं, आता माझं समाधान झालं असेल. बायका पाठीवरून हात फिरवायला लागल्या. समाधान कसलं! त्या दिवशी माझा राग दुप्पट झाला. तोवर मला वाटत होतं, माझ्यावर काय गुदरतंय ते तुम्हाला कळत नव्हतं, अभिमान आडवा येत होता, फिटर माणूस, मोडेल पण वाकणार नाही. पण तुम्ही तर रडलात. दुसऱ्या माणसासमोर, त्याच्या पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये. तिथं रडायला तुम्ही गाडीवर बसून गेलात आणि मी चार पावलांवर स्वयंपाकघरात होते. सहा महिने. माझ्यापर्यंत यायला कुठली गाडी लागत होती तुम्हाला?

एवढं का अवघड होतं, याचा मी खूप विचार केला. जन्मभर तुमच्या हाताला लोकांनी नमस्कार केला. तो हात चुकला, एवढंच नाही, तो हात लबाडीनं चुकला, आणि मागं मी होते. हे कबूल केलं असतं तर तुमच्याकडं दुसरं काय उरलं असतं, असं तुम्हाला वाटलं असेल. मी सांगते काय उरलं असतं. मी उरले असते. सकाळी वर्तमानपत्र छातीला लावून तुमच्या मागं बसणारी. तुम्ही हाताची अब्रू राखलीत आणि ती सकाळ घालवलीत. आणि मीही कमी नाही. मीही एकदा तोंड उघडून विचारू शकले असते, 'नाना, खरं सांगा.' नाही विचारलं. मूग गिळून बसले आणि 'नको' म्हणत राहिले, कारण तुम्ही आधी बोलावं असा माझा हट्ट होता. घरात दोन माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली आणि एक निघून गेलं.

तुमची आठवण येते. हे रागातच लिहिते, म्हणजे खरं वाटेल. परवा कंपनीत एक शाफ्ट हातात घेतला आणि नकळत अंगठा फिरवला. झिजलेला वाटला. मग व्हर्नियर लावलं. झिजलेलाच होता. शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले, सासऱ्यांनी शिकवलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

मांडवातल्या दिवसापासून ताई माझ्याशी बोलत नव्हत्या. राहिल्या इथंच, जेवल्या इथंच, पण मीठ हवं असलं तरी राहुलला सांगायच्या. काल त्या मनमाडला परत निघाल्या. राहुल ड्युटीवर होता. पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला स्टँडवर सोडतीस का?" मी चावी घेतली. खुंटीवरूनच घेतली, कुणी दिली नाही. ताई मागं बसल्या, पिशवी मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर, तोही लांबून लांबून.

मुंबई नाक्याच्या अलीकडं एक रिक्षावाला पॅसेंजर दिसला म्हणून मधोमध थांबला. मी ब्रेक दाबला. ताई गचकन माझ्या पाठीवर आदळल्या, पिशवी एकीकडं सरकली, त्या दुसरीकडं, एक पाय फूटरेस्टवरून सुटला, त्यांनी माझा ड्रेस मुठीत धरला आणि "अगं आई" म्हणून पार डावीकडं कलल्या. गाडी रिक्षाच्या हातभर मागं थांबली. सरळ. मी दोन्ही पाय खाली टेकले आणि तशीच उभी राहिले.

मागून हॉर्न वाजायला लागले. ताईंनी पाय वर घेतला, पिशवी जवळ ओढली. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. बऱ्याच वेळानं, म्हणजे दोन-तीन हॉर्नांनंतर, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मनीषा, तू हलली नव्हतीस गं."

हे ऐकायला मला आठ महिने लागले. ते म्हणायचं काम तुमचं होतं, नाना.